थंडीतील कोंबड्या : ऊब हवी, पण वाराही हवा

धानाची मळणी उरकली, पोती घरात आली आणि खळ्यावर सांडलेले दाणे टिपून कोंबड्या गुबगुबीत झाल्या, की आपल्या बालाघाट जिल्ह्यातील घराघरांत नाताळचा हिशेब सुरू होतो. दोन कोंबडे पाहुण्यांसाठी, चार बाजारासाठी, तलंगा मात्र ठेवायच्या. त्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. आणि दरवर्षी पौष महिन्यात सकाळची मिस्सा संपली की कोणीतरी बाई दाराशी थांबते व म्हणते, "फादर, थंडीने कोंबड्या मेल्या."

खरोखर थंडीनेच का? अनुभवाने आमचे मत असे झाले आहे की, मोठी, पिसांनी भरलेली कोंबडी आपल्याकडच्या थंडीने सहसा मरत नाही. ती मरते बंद खुराड्यातील ओल्या, कुबट हवेने आणि मानमोडीच्या रोगाने. पिलांची गोष्ट निराळी. त्यांना थंडी खरोखरच मारते. मोठ्या कोंबडीला पिलासारखे कोंडावयाचे आणि पिलाला मोठ्या कोंबडीसारखे उघड्यावर सोडावयाचे, ही उलटी रीत आम्ही बऱ्याच घरी पाहिली आहे.

दुसऱ्यास नावे कशाला ठेवा? आम्हीच एकदा हे केले. बैहरच्या पठारावर राहत असताना आमच्या खुराड्यात चौदा कोंबड्या होत्या. एका जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. आम्हाला दया आली आणि आम्ही खुराड्याला चहूबाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ठोकला, फटदेखील ठेवली नाही. सकाळी दार उघडले तर कागदाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि विष्ठेच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले. आम्ही समजलो, ऊब चांगली धरली आहे! आठवडाभरात कोंबड्यांची नाके वाहू लागली, घशातून घरघर येऊ लागली. चौदापैकी नऊ गेल्या.

असे का झाले ते पाहू. कोंबडीच्या शरीराची उष्णता ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून चार-पाच अंश अधिक. पिसे फुलवून ती अंगाभोवती कोरड्या हवेचा थर धरते. हीच तिची गोधडी. पण एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, आणि त्यातले बरेचसे श्वासावाटे व विष्ठेवाटे खुराड्यातच बाहेर पडते. ताज्या विष्ठेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. ही ओल बाहेर गेली नाही तर पिसे दमट होतात आणि गोधडी ओली झाली म्हणजे तिचा उपयोग संपला. शिवाय ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो डोळे व श्वासनलिका सोलून काढतो आणि त्या वाटेने सर्दी-खोकल्याचे जंतू आत शिरतात.

म्हणून उत्तरेकडील बाजू पोत्यांनी अथवा तणशीच्या कुडाने बंद करावी, कोंबड्यांच्या अंगावर थेट झोत येऊ देऊ नये. परंतु छपराखाली, त्यांच्या डोक्याच्या वर, वीतभर फट रात्रंदिवस उघडी ठेवावी. गरम, ओली हवा वर जाते व तेथून निघून जाते. परीक्षा अगदी सोपी आहे. पहाटे दार उघडताच खाली वाकून आपले नाक कोंबडीच्या उंचीवर न्यावे. डोळ्यांना झोंबले तर फट अपुरी आहे असे समजावे.

जमिनीवर चार ते सहा बोटे जाडीचा धानाच्या तुसाचा थर द्यावा. आपल्याकडे तुसाला तोटा नाही, वारासिवनी-कटंगीकडे भातगिरण्यांच्या मागे ढीग पडलेले असतात. थर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावा, ओला झालेला भाग काढून कोरडे तूस टाकावे. बसण्यासाठी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लाकडाची जाडसर, चपटी दांडी ठेवावी, म्हणजे कोंबडी बसली की तिची बोटे पिसांखाली झाकली जातात. बारीक, गुळगुळीत बांबूवर ती बोटे उघडी राहतात.

आता पिले. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी केली तरी चालते. चार-पाच आठवड्यांत पिसे आली की पिलू आपले आपण सांभाळते. कोंबडीच्या पंखाखाली ही ऊब फुकट मिळते, मात्र थंडीत खुडूक कोंबडीखाली बारा-तेरा अंडी ठेवू नयेत, आठ-नऊ पुरे. कडेची अंडी थंड पडतात आणि पुढे कडेची पिलेही उघडी पडतात.

बाजारातून आईविना पिले आणली असतील, तर डालग्याखाली दिवा लावतात. वीस पिलांना ६० वॅटचा एक दिवा बहुधा पुरतो, पण तो जुन्या तारेचा हवा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देतच नाहीत, आणि डालग्यात लख्ख उजेड असूनही पिले गारठून मेल्याचे आम्ही पाहिले आहे. तारेचा दिवा मिळाला नाही किंवा वीज गेली, तर मातीच्या मडक्यात गरम पाणी भरून, तोंड बंद करून, पोत्यात गुंडाळून मध्ये ठेवावे व रात्रीतून दोनदा पाणी बदलावे. झोपमोड होते खरी. पिलांकडे पाहिले की सर्व कळते : दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, दूर कडेला जाऊन चोची उघडत असतील तर उष्णता जास्त आहे, सगळीकडे पसरून निवांत बसली असतील तर ठीक.

येथे एक गोष्ट आरोग्याची आहे आणि ती पिलांहून मोठी आहे. काही घरी पिलांचे डालगे झोपण्याच्या खोलीत आणतात, दार-खिडकी लावतात आणि मध्ये कोळशाची शेगडी पेटती ठेवतात. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे वाटते. परंतु निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतल्या माणसाला जागे न करताच मारतो. पिलांसोबत लेकरे जातील. बंद खोलीत शेगडी ठेवून कोणीही झोपू नये, मग बाहेर कितीही थंडी असो.

खाण्याविषयी थोडेच. पावसाळा संपला की किडे-अळ्या कमी होतात. खळ्यावर दाणा असतो, पण दाण्याने ऊब मिळते, मांस व अंडी बनविणारे सत्त्व त्यात थोडे. तेव्हा कणकी, कोंडा, मका किंवा कुटकीबरोबर जवसाची अथवा शेंगदाण्याची थोडी पेंड द्यावी. बुरशी लागलेली पेंड किंवा मका मात्र उकिरड्यावरही टाकू नये, कारण कोंबड्या तेथूनच टिपतात, आणि त्या बुरशीचे विष यकृत नासवते. पुरून टाकावी. दाणा सायंकाळी द्यावा; भरल्या पोटाने कोंबडी रात्रभर आतून उबदार राहते. सकाळी पाणी कोमट द्यावे. गार पाणी ती कमी पिते, आणि पाणी कमी तर अंडीही कमी.

अंडी तशीही कमी होणारच. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो, जूनमध्ये तो जवळजवळ साडेतेरा तासांचा होतो, आणि भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड हवा असतो. काही जण पहाटे दिवा लावतात. पाच-सहा गावठी कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप करू नये असे आम्हास वाटते.

आता मानमोडी. इंग्रजीत तिला न्यूकॅसल रोग म्हणतात, कारण १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ ती ओळखली गेली. आपल्या देशात कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत गावावरून तिला राणीखेत हे नाव पडले. हिरवट-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, पंख गळणे, मान पिळवटणे ही लक्षणे. औषध नाही. विषाणूंमुळे होणारा रोग असल्याने कोणतीही गोळी तो बरा करीत नाही. उपाय एकच, लस, आणि तीही रोग येण्यापूर्वी. रोग शिरलेल्या खुराड्यात ती वाचवीत नाही. पिलाला पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस टोचतात.

अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी आठ कोंबड्या आहेत तो कुपी कशाला आणील? म्हणून कोणीच आणीत नाही. दहा-पंधरा घरांनी मिळून कार्तिकात एक दिवस ठरवावा, एकाने तहसिलीच्या पशुचिकित्सालयात जाऊन थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी, आणि पहाटे, कोंबड्या सोडण्यापूर्वी, घरोघर फिरून टोचून घ्यावे. शेजारची घरे ख्रिस्ती नसली तरी त्यांनाही बोलवावे. कोंबड्या कुंपण ओळखीत नाहीत.

रोग आपल्या घरी बहुतेक वेळा आपणच आणतो. नाताळसाठी आठवडी बाजारातून कोंबडा आणावा आणि त्याला थेट आपल्या खुराड्यात सोडावे, असे चालते. नवे पाखरू निदान दोन आठवडे वेगळे बांधावे. गावात मर सुरू झाली की पुष्कळजण उरलेली पाखरे घाईघाईने बाजारात नेतात. पैशाची नड आम्ही जाणतो, परंतु त्या एका पिशवीने पाच गावांची खुराडी रिकामी होतात. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नये, खाऊही नये. तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. मानमोडीने माणसाचे डोळेही येतात.

बर्ड फ्लू हा निराळा रोग. भारतात कोंबड्यांमध्ये तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातही आला. इंदूरला तेव्हा कावळे मरून पडले होते. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते. कावळे, बगळे किंवा पुष्कळ कोंबड्या एकाएकी मेल्या, तर हात न लावता पशुचिकित्सालयास कळवावे. पूर्ण शिजविलेले मांस व अंडे खाण्यास हरकत नाही.

राहता राहिले तूस. फाल्गुनात ते सगळे काढून, ओलसर करून, सावलीत ढीग घालावा. ताजे घातल्यास रोपे जळतात. पाऊस लागेपर्यंत ते चांगले कुजते, आणि मग परसातल्या दोडक्या-भोपळ्याच्या आळ्यात घालावे.