सावड

सावड ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील परस्पर श्रमविनिमयाची पारंपरिक पद्धत आहे. या पद्धतीत शेतकरी कुटुंबे एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने काम करतात आणि त्या कामाची फेड पैशाने न करता तेवढ्याच कामाने करतात. पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम भागातील भातशेती दीर्घकाळ सावडीवर उभी राहिली. यांपैकी खेड तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या परिसरातील भातखाचरे आहेत, तर पूर्वेस चाकणचा औद्योगिक पट्टा आहे. त्यामुळे ही पद्धत आणि तिच्यापुढील पेच हे दोन्ही एकाच तालुक्यात पाहता येतात.

नावे व प्रकार

दक्षिण महाराष्ट्रात या पद्धतीस ‘पैरा’ म्हणतात. काही भागांत ‘वारंगुळा’ हा शब्दही रूढ आहे. एकेक बैल असलेल्या दोन शेतकऱ्यांनी बैलांची जोडी जुळवून दोघांची शेते नांगरणे, हाही सावडीचाच प्रकार होय.

‘इर्जिक’ ही प्रथा सावडीच्या जवळची असली तरी वेगळी आहे. इर्जिकीत आसपासचे शेतकरी आपापली औते घेऊन एकाच दिवशी एखाद्याच्या शेतात उतरतात आणि शेताचा मालक सर्वांना जेवण देतो. तेथे दिवसाला दिवस असा काटेकोर हिशेब नसतो. सावडीत मात्र तो असतो.

बलुतेदारीशी सावडीची गल्लत करू नये. बलुतेदारीत गावकीची ठरावीक सेवा करणाऱ्या कारागिरांना सुगीत धान्याचा वाटा मिळे आणि देणारा व घेणारा यांचे स्थान समान नसे. सावड ही सारखी गरज असलेल्या शेतकऱ्यांमधील देवघेव आहे.

हिशेबाची रीत

एका घरातील दोन माणसे दुसऱ्याच्या शेतात एक दिवस राबली, तर त्या घरानेही दोन माणसे एक दिवस पाठवावीत, हा मूळ नियम आहे. बैलजोडीच्या एका दिवसाची फेड माणसांच्या अधिक दिवसांनी केली जाते. कोणी आजारी पडल्यास घरातील दुसरे माणूस जाते. हा व्यवहार सहसा लिहून ठेवला जात नाही. तो दोन्ही घरांच्या स्मरणात राहतो. फेड चुकविणाऱ्याला दंड होत नाही, मात्र पुढच्या हंगामात त्याला सावडीत घेतले जात नाही. ज्या गावात पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शेजाऱ्याची गरज लागणार असते, तेथे एवढा धाक पुरतो.

भाताची आवणी

सावडीची खरी गरज आवणीच्या वेळी, म्हणजे भाताची रोपे लावताना भासते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण व गवत जाळून राब भाजला जातो आणि पावसाच्या आरंभी त्यावर बियाणे पेरले जाते. सुमारे तीन ते चार आठवड्यांत रोपे लावणीस येतात. त्यानंतर उशीर झाल्यास रोपे जून होतात, फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. खाचरात पाणी साचलेले असणे, चिखलणी पूर्ण होणे आणि रोप योग्य वयाचे असणे या तिन्ही गोष्टी थोड्याच दिवसांसाठी जुळून येतात. एका कुटुंबाला तेवढ्या दिवसांत आवणी उरकणे कठीण असते. पंधरा-वीस माणसे मिळून एकेक शेत हाती घेतात, तेव्हा वाडीतील सर्वांची आवणी वेळेत होते.

आवणीत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. तरीही सावडीचा हिशेब बहुधा व्यक्तीच्या नावे नव्हे, तर घराच्या नावे धरला जातो. सामुदायिक कामाच्या वेळी ‘भलरी’ ही श्रमगीते गाण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. गाण्याच्या लयीमुळे सर्वांचे हात एका गतीने चालतात.

पडकई

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या डोंगराळ भागातील, मुख्यतः महादेव कोळी समाजात चालत आलेली ‘पडकई’ ही याच परंपरेतील प्रथा आहे. पावसाळ्याव्यतिरिक्तच्या काळात कुटुंबे एकत्र येऊन उताराची जमीन सपाट करतात, दगडांच्या ताली रचतात आणि भाताची खाचरे तयार करतात. एकाचे काम झाले की गट दुसऱ्याच्या जमिनीकडे वळतो.

घोड नदीवरील डिंभे धरणात खोऱ्यातील सुपीक जमीन बुडाल्यावर अनेक आदिवासी कुटुंबांकडे चढावरील जमीनच उरली. या भागात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने पडकईला पुन्हा चालना दिली आणि तिला सरकारी निधी मिळावा यासाठी पाठपुरावा केला. आनंद कपूर व कुसुम कर्णिक हे या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते होत. २०१२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मजुरी मिळू लागल्याने हातावर पोट असलेल्या कुटुंबांनाही स्वतःच्या जमिनीवर महिनोन्‌महिने काम करणे शक्य झाले. म्हणजे येथे पैसा आला, पण कामाची पाळी व गट कायम राहिले.

औद्योगिक पट्टा आणि सावड

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये औद्योगिक वसाहत वाढली आणि पुढे वाहन उद्योगामुळे चाकणचा विस्तार झाला. भातपट्ट्यातील तरुणांना घरापासून फार लांब न जाता रोख पगार मिळू लागला.

याचा सावडीवर परिणाम झाला. कारखान्यातील पाळी पावसाप्रमाणे बदलत नाही. ज्या घरातील कमावते माणूस कामावर गेले, त्या घराला सावडीचा दिवस फेडणे अवघड होते. अशी घरे रोजाने मजूर लावतात. दिवसाला बाजारभाव आल्यावर सर्वांचे दिवस सारखे राहत नाहीत. यंत्राने चिखलणी होऊ लागल्यामुळे बैलांची सावडही कमी झाली. जी घरे मागे राहतात त्यांच्यापुढे मनुष्यबळाचा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण सावड किमान काही घरांनी मिळूनच करता येते.

मर्यादा

सावड सर्वांना सामावून घेणारी नव्हती. ती बहुधा भावकी, वाडी वा जात यांच्या मर्यादेत चाले. ज्याला जमीन नाही त्याला परतफेडीचे काम घेता येत नसल्याने तो मजूरच राहिला. त्यामुळे नगदी मजुरी आणि कारखान्यातील नोकरी यांनी काहींना सावडीने न दिलेली मोकळीक दिली, हेही लक्षात घ्यावे लागते.

श्रमदान व सावड

राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांच्या पुनरुज्जीवनात श्रमदान हे एक प्रमुख सूत्र होते. श्रमदानात बंधारे, चर, रस्ते अशी सामाईक कामे होतात. सावडीत खासगी शेताचे काम होते. पहिल्यात फळ गावाला मिळते, दुसऱ्यात प्रत्येक घराला पाळीने मिळते. अलीकडे शेतकरी गटांनी एकमेकांच्या शेतात मिळून काम करावे, यासाठी महाराष्ट्रात पुन्हा प्रयत्न होत आहेत.

अन्य देशांत

फिनलंडमधील ‘तालकूत’, अँडीज पर्वतप्रदेशातील ‘मिंगा’, इंडोनेशियातील ‘गोतोंग रोयोंग’ आणि फिलिपिन्समधील ‘बायानिहान’ या सामुदायिक श्रमाच्या प्रथा सावड व श्रमदान यांच्याशी मिळत्याजुळत्या आहेत.