‘येणार ना?’

राष्ट्रीयीकृत बँकेतील सेवानिवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते, आणि नेमका तोच दिवस शाखेत कामाच्या गर्दीचा असतो. पगार, निवृत्तिवेतन, महिनाअखेरची विवरणपत्रे आणि सायंकाळी निरोप समारंभ! त्याच्या तयारीची जबाबदारी बहुधा एखाद्या तरुण अधिकाऱ्यावर येते. तो टेबलाटेबलाशी जाऊन विचारतो, “साहेब, संध्याकाळी येणार ना?” उत्तरे ठरलेली: “बघतो.” “प्रयत्न करतो.” “मॅनेजरसाहेबांनी सोडले तर!” इकडे आचारी फोनवरून विचारीत असतो, “पाने किती धरू?”

दोष केवळ उत्तर देणाऱ्यांचा नाही. ‘येणार ना?’ या प्रश्नातच होकार गृहीत धरलेला असतो. तोंडावर नाही म्हणणे आपल्याकडे अगत्याचा अव्हेर समजला जातो. मग ‘बघतो’ हीच सोयीची पळवाट उरते. आपल्या लग्नपत्रिकेतही ‘अगत्य येण्याचे करावे’ एवढेच असे. येणार की नाही, हे विचारण्याची रीत नव्हती. पाहुणे वाढले तर आणखी एक पंगत बसे. मोजून मागविलेल्या अल्पोपाहाराला ती सोय नाही. हिंदी पत्रिकांवर ‘उत्तरापेक्षी’ म्हणून नावे छापतात. इंग्रजी पत्रिकांवरील ‘आर.एस.व्ही.पी.’ ही अक्षरे मूळ फ्रेंच वाक्याची असून त्यांचा अर्थ ‘कृपया उत्तर द्यावे’ एवढाच आहे.

शाखेतील परिपत्रकवजा निमंत्रणही असे लिहिता येईल: “सप्रेम नमस्कार. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ शुक्रवार, ता. ३१ रोजी सायंकाळी ६ वाजता शाखेत योजिला आहे. अल्पोपाहाराची व्यवस्था करावयाची असल्याने आपले येणे होईल किंवा कसे, हे बुधवार, ता. २९ च्या दुपारपर्यंत कृपया कळवावे. अडचण असल्यास तेही निःसंकोच कळवावे. आपल्या शुभेच्छा त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवू.”

यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. नकाराला सन्मानाची वाट मिळाली की होकारही खरा मिळतो. विचारण्याचे कारण आणि मुदत स्पष्ट असल्याने कोणाला तगादा वाटत नाही. मुदत उलटल्यावर एकदाच आठवण करावी, तीही व्यक्तिशः. व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात नावे घेऊन नव्हे. तेथील उंचावलेला अंगठा ‘येतो’ असे सांगतो की केवळ ‘वाचले’ असे, हे अंगठा देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते!

मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी पंचवीस रिकाम्या राहिल्या, तर वाया गेलेल्या बटाटेवड्यांचा हिशेब लागतो. पण सत्कारमूर्ती पत्नी-मुलांसह समोर बसलेले असतात आणि त्या खुर्च्या त्यांनाही दिसत असतात. शाखेतील ती त्यांची शेवटची सायंकाळ असते.

दारावरच्या सुरक्षारक्षकाला मात्र बहुधा कोणी विचारीतच नाही. तो तेथे ‘असतोच’, आणि समूहात त्याचे नाव नसते. त्याची पाळी त्या दिवशी दुपारीच संपणार असेल, तर त्यालाही बुधवारपूर्वीच विचारावयास हवे.