पुढे धाडलेले टपाल आणि मागे ठेवायची प्रत

डोंबिवलीतल्या जुन्या बिऱ्हाडांपैकी कितीतरी मूळची गिरगाव-दादरची. चाळीतली खोली सोडून माणसे इकडे आली, तेव्हा त्यांच्या मागोमाग त्यांचे टपालही आले. ते कसे येई, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. घर बदलणारा माणूस आपल्या टपालकचेरीत अर्ज देई की, माझी पत्रे यापुढे अमुक पत्त्यावर धाडावीत. मग पाकिटावरचा जुना पत्ता खोडून नवा लिहिला जाई आणि पाकीट पुन्हा प्रवासाला लागे. चार दिवस उशिरा का होईना, पण मामाचे पत्र घरी पोचे.

ईमेलमध्येही हीच सोय आहे. तिला फॉरवर्डिंग म्हणतात. आपण साध्या मराठीत टपाल पुढे धाडणे म्हणू. फरक एवढाच की, कागदी पाकीट एकच असते. ते गिरगावात तरी असेल, नाहीतर डोंबिवलीत. ईमेलच्या मात्र हव्या तितक्या प्रती निघतात. त्यामुळे एक प्रत जुन्या पेटीत ठेवून दुसरी नव्या पत्त्यावर धाडता येते. 'येते' असे मी म्हणालो. 'आपोआप होते' असे म्हणालो नाही. सगळी गोम इथेच आहे.

ती मला कळली ती आमच्याच इमारतीत. आमची इमारत पस्तीस वर्षांची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशा इमारती गल्लोगल्ली आहेत, आणि तीस वर्षे उलटली की त्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. आमच्या सोसायटीला ईमेलचा पत्ता आहे. पण तो रोज उघडून बघणार कोण? म्हणून एका चिटणीसांनी त्यावर येणारे सगळे टपाल स्वतःच्या खाजगी पत्त्याकडे वळवले. पुढे चिटणीस बदलले. जुने चिटणीस मुलाकडे परगावी राहायला गेले, त्यांची पेटी कुणी न बघता भरून गेली, पण वळवण्याचा हुकूम मात्र तसाच राहिला. मे महिन्यात इंजिनिअरांनी अहवाल पाठवला : मागच्या जिन्याजवळच्या बीमला पावसाळ्यापूर्वी टेकू द्या. आम्ही जुलैपर्यंत अहवालाची वाट पाहत होतो, आणि इंजिनिअर आमच्या उत्तराची. शेवटी त्यांनीच फोन केला. टेकू लागला तेव्हा बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. कुणाला इजा झाली नाही, हे नशीबच म्हणायचे.

मग ते पत्र गेले कुठे? हे समजून घ्यायचे तर मेल सर्व्हर म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे.

मेल सर्व्हर म्हणजे टपालकचेरीचे काम करणारा, रात्रंदिवस जागा असलेला संगणक. ईमेलच्या पत्त्यात मधोमध जे 'ॲट'चे चिन्ह असते, ते १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअराने निवडले. त्या चिन्हाच्या उजवीकडचा भाग हा आपला पिनकोड समजा. पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पाकिटावर ४२१२०१ दिसले की टपाल डोंबिवली पूर्वेला जाते. माणसाचे नाव त्यानंतर वाचले जाते. इथेही तसेच. उजवीकडचा भाग पाहून पत्र योग्य त्या सर्व्हरवर पोचते, आणि डावीकडचे नाव तिथला सर्व्हर वाचतो. एका सर्व्हरने दुसऱ्याशी कसे बोलावे, याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. त्यांत पुढे सुधारणा झाल्या, पण आजही तुमचे-आमचे टपाल मूळ त्याच पद्धतीने चालते.

आता आमच्या पत्राकडे येऊ. इंजिनिअरांचे पत्र सोसायटीच्या सर्व्हरवर नीट पोचले. सर्व्हरने हुकुमाप्रमाणे ते जुन्या चिटणीसांकडे धाडले. तिथल्या सर्व्हरने सांगितले, 'पेटीत जागा नाही.' अशा वेळी धाडणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. बहुधा चार-पाच दिवस तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि मग पत्र परत करतो. पण परत कुणाला? सोसायटीला नव्हे. साध्या फॉरवर्डिंगमध्ये पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव मूळचेच राहते. म्हणून परतीची सूचना गेली इंजिनिअरांकडे, आणि त्यांच्याकडे ती जंक टपालात पडून राहिली. सोसायटीच्या पेटीत ना पत्र होते, ना पत्र परत गेल्याची नोंद. कारण हुकूम 'पुढे धाड' एवढाच होता. 'एक प्रत ठेव' असे कुणी सांगितलेच नव्हते.

यंत्राचा यात दोष नाही, बरे का. सर्व्हरला असे नियम सांगण्यासाठी 'सीव्ह' म्हणजे 'चाळणी' नावाची एक भाषा आहे. तिचे पहिले प्रमाण २००१ साली प्रसिद्ध झाले. या भाषेत कोणताच नियम लावला नाही, तर पत्र पेटीत ठेवले जाते. पण 'पुढे धाड' असा हुकूम दिला, की ठेवण्याचा हा मूळचा हुकूम रद्द होतो! प्रत हवी असेल तर 'प्रतीसह' असा शब्द जोडावा लागतो, किंवा 'ठेव' असे वेगळे सांगावे लागते. जीमेलसारख्या घरगुती सोयीतही हाच प्रश्न विचारला जातो : पुढे धाडल्यावर इथली प्रत ठेवायची, वाचलेली म्हणून खूण करायची, बाजूला काढायची की पुसायची? पुष्कळ जण तो न वाचताच पुढे जातात.

फॉरवर्डिंगची दुसरी अडचण ओळखीची. समजा, शेजाऱ्याने तुमचे पाकीट उचलले आणि तुमच्या नव्या इमारतीत आणून दिले. तिथला रखवालदार विचारणारच, 'पाकिटावर नाव बँकेचे, आणि आणणारे तुम्ही कोण?' आपली पत्रे कोणकोणत्या सर्व्हरांवरून निघतात, याची यादी बँका आणि कचेऱ्या जाहीर करून ठेवतात. या व्यवस्थेला एसपीएफ म्हणतात. टपाल पुढे धाडणारा तुमचा सर्व्हर त्या यादीत नसतो, म्हणून खरे पत्रही संशयित ठरते. पत्रावर डीकेआयएम नावाची मोहोर असेल आणि मजकुरात वाटेत फेरफार झाला नसेल, तर मोहोर शाबूत राहते आणि पत्र निभावून जाते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी या ओळखतपासणीचे नियम अधिक कडक केले आहेत. तेव्हा पूर्वी बिनबोभाट पुढे जाणारे टपाल आताही जात असेलच, असे धरून चालू नका.

तिसरी अडचण येरझाऱ्यांची. घरचे टपाल कचेरीच्या पत्त्यावर वळवले, आणि सुट्टीत कचेरीचे टपाल घरच्या पत्त्यावर वळवले, तर काय होईल? ठाण्याहून कल्याणला आणि कल्याणहून ठाण्याला, असे ते पत्र फिरतच राहील. उतरणार कुठेच नाही. यावर तोड म्हणून प्रत्येक सर्व्हर पत्रावर आपला एक शिक्का उमटवतो. शिक्के ठराविक संख्येपलीकडे गेले की पत्र थांबवले जाते. पोस्टफिक्स नावाच्या प्रसिद्ध मेल सर्व्हरमध्ये ही मर्यादा सहसा ५० असते. फिरणे थांबते खरे, पण पत्र तुमच्या हाती येतेच असे नाही.

इथवर पुढे धाडण्याचे झाले. आता पुसण्याकडे वळू. पेटी भरली तर काय होते, ते वर आलेच आहे. म्हणजे पेटी रिकामी करणे हेही गरजेचे काम. रोज हाताने निवडत बसणे कुणाला जमत नाही, म्हणून सर्व्हरला हुकूम देता येतो. हा हुकूम दोन तऱ्हांचा असतो : एक शब्द पाहून पुसण्याचा आणि दुसरा वय पाहून पुसण्याचा.

शब्द पाहून पुसणे फार धोक्याचे. जाहिरातींना कंटाळून एखादा गृहस्थ नियम करतो : ज्या पत्राच्या विषयात 'सेल' हा इंग्रजी शब्द असेल ते फेकून द्यावे. जाहिराती बंद होतात, गृहस्थ खूष होतो. पुढे त्याच्या फ्लॅटच्या व्यवहारात वकिलाचे पत्र येते, आणि विषय असतो 'सेल डीड', म्हणजे खरेदीखत! सर्व्हर ते निमूटपणे फेकतो. सीव्हमधल्या 'फेकून दे' या हुकुमाचे वैशिष्ट्यच असे की, त्याची वर्दी ना पाठवणाऱ्याला मिळते, ना घेणाऱ्याला. म्हणून अशी पत्रे थेट फेकू नयेत. ती एका निराळ्या कप्प्यात टाकावीत, आठवड्यातून एकदा त्यावर नजर फिरवावी, आणि मग तो कप्पा महिन्याने आपोआप रिकामा होऊ द्यावा.

वय पाहून पुसणे त्या मानाने बरे. कचऱ्यातले टपाल तीस दिवसांनी कायमचे पुसण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. जीमेलमध्येही तीच आहे. पण वय कुठून मोजायचे, हे आधी विचारा. पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून, की ते त्या कप्प्यात पडल्याच्या दिवसापासून? समजा, नियम पत्रावरची तारीख धरणारा आहे, आणि तुम्ही दहा वर्षांपूर्वीची पत्रे आवरण्यासाठी त्या कप्प्यात हलवलीत. मग त्याच रात्री ती सगळी जातील. डव्हकॉटसारख्या सर्व्हरमध्ये या दोन्ही तारखा वेगवेगळ्या सांगता येतात. कप्प्यात पडल्याचा दिवस धरणे अधिक सुरक्षित.

आणखी एक गैरसमज. फोनवर, घरच्या संगणकावर आणि कचेरीत अशा तीन ठिकाणी पत्र दिसते, म्हणजे तीन प्रती आहेत, असे पुष्कळांना वाटते. बहुधा तसे नसते. सर्व्हरवरची एकच प्रत तीन खिडक्यांतून दिसत असते. एका खिडकीतून पुसली की तिन्हीकडून गेली. शिवाय खातेच न वापरता पडून राहिले, तर सबंध पेटी जाऊ शकते. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात केली. परगावी गेलेल्या आमच्या जुन्या चिटणीसांच्या पेटीचे पुढे काय होणार, ते आता तुम्हीच ओळखा.

तेव्हा वाचकहो, पुढील गोष्टी आज संध्याकाळीच करून पाहा. तुमच्या, सोसायटीच्या किंवा मंडळाच्या पत्त्यावरचे टपाल कुठे वळवले आहे, ते उघडून बघा. प्रत ठेवण्याचा पर्याय चालू करा. संस्थेचे टपाल एकाच माणसाच्या खाजगी पत्त्यावर अवलंबून ठेवू नका. पदाधिकारी बदलला की किल्ल्यांबरोबर हा हुकूमही बदला. खरेदीखत, अहवाल, नोटिसा यांच्या प्रती मेलच्या बाहेर एका ठिकाणी उतरवून ठेवा. आणि सगळे झाले की तिसऱ्याच कुणाच्या पत्त्यावरून स्वतःला एक पत्र धाडून पाहा : ते पुढे पोचले का, आणि मागे त्याची प्रत राहिली का?

जुना पोस्टमन पत्ता खोडताना दोन घटका थांबून विचार करी, 'हे बिऱ्हाड तिथूनही हलले तर नाही ना?' यंत्र तसे विचारत नाही. ते विचारणे आता आपल्याकडे आले आहे. आमच्या सोसायटीत आता दर वार्षिक सभेनंतर नवे चिटणीस आधी ईमेलचा हुकूम तपासतात, आणि मगच कपाटाच्या किल्ल्या खिशात टाकतात.