तान्ह्या बाळाची आठवण

“अहो डॉक्टर, तीन महिन्यांचं पोर ते, त्याला काय आठवणार?” हे वाक्य दवाखान्यात मी आजीबाईंच्या तोंडून अनेकदा ऐकतो. आजीबाईंना कशाला हसायचे? बोलता न येणाऱ्या जिवाला टिकाऊ स्मरणशक्ती नसते, असे शास्त्रज्ञही पुष्कळ वर्षे मानत होते.

हा समज खोडून काढला डॉ. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर (१९४२-२०१४) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. साठच्या दशकात त्या प्रबंध लिहीत होत्या आणि तान्हा मुलगा सारखा किरकिरत असे. वर टांगलेले खेळणे हलले की तो गप्प होई. पण हलवत किती वेळ उभे राहायचे? त्यांनी एक फीत बाळाच्या घोट्याला बांधली, दुसरे टोक खेळण्याला. पाय झाडला की खेळणे हले. थोड्याच वेळात बाळ मुद्दाम पाय झाडू लागले! आईची सोय झाली आणि शास्त्राला प्रयोग मिळाला. त्यावरचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर हेच काम केले.

पद्धत साधी होती. बाळाला आधी हा खेळ शिकवायचा. काही दिवसांनी तेच खेळणे, फीत न जोडता, दाखवायचे. बाळ पूर्वीसारखे जोरात पाय झाडू लागले तर त्याला आठवते आहे. दोन महिन्यांच्या बाळाला एक-दोन दिवस, तीन महिन्यांच्याला सुमारे आठवडा, सहा महिन्यांच्याला दोन आठवडे आठवण राहते, असे दिसले. विसरलेल्या बाळाला आदल्या दिवशी ते खेळणे नुसते हलताना दाखवले, तर महिन्याभरापूर्वीचीही आठवण परत येई. मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. पाळण्याच्या कडेचे नक्षीदार कापड बदलले, तर काही दिवसांनी तेच खेळणे दाखवूनही बाळ कोरेच!

म्हणून माहेरचे बाळंतपण आटोपून सासरी निघालेल्या लेकीला मी सांगतो, “ओळखीची दुपटी आणि चिमणाळे बरोबर घेऊन जा.” हा प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, माझा सल्ला आहे, खर्च मात्र काही नाही. आणि बाळाला आंघोळ घालताना, कपडे बदलताना रोज तेच शब्द, तेच गाणे असू द्या.

एक सूचना. फीत बांधण्याचा प्रयोग घरी करू नका. दोरी पायाला आवळते, गळ्याशीही जाते.