रक्त संशय घेतं
हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या हंगामात खोकणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. जवळा बाजारसारख्या बाजारगावात तर नाहीच. हळद शिजते, वाळते, पॉलिशला जाते. 'धुळीचा खोकला आहे, जाईल' म्हणता म्हणता महिना सरतो. मग वजन उतरतं, संध्याकाळी कणकण येते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा अनेकदा हातात पहिली चिठ्ठी पडते ती रक्ताची.

लॅबमध्ये सायट्रेट मिसळलेलं रक्त 200 मिलिमीटरच्या खुणा असलेल्या नळीत भरतात आणि ती नळी स्टँडला अगदी उभी लावतात. मग तासभर थांबायचं. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर रकाना मोकळा होतो. तो मोजला की झाला ईएसआर. निरोगी तरुणात साधारण 20 मिलिमीटरच्या आत. शरीरात कुठे दाह धुमसत असेल, तर यकृत फायब्रिनोजेन जास्त सोडतं, पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. आकडा 80-90 वर गेला, की बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांचे चेहरे उतरतात. 'टीबीच असणार!'

घाई होते ती इथेच. अंगात नुसतं रक्त कमी असलं, तरी ईएसआर चढतो. दाहात वाढणारं रक्तातलं प्रथिन, सीआरपी, त्याहून चपळ, काही तासांत वाढणारं. पण 1930 साली ते प्रथम सापडलं तेच न्यूमोनियाच्या रुग्णांत. दाह आहे एवढं ते सांगतं, कशामुळे ते नाही. आकडा चांगला आला म्हणून टीबी नाही, असंही म्हणता येत नाही.

मग हवं कशाला? चाळणीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचआयव्ही असलेल्यांसाठी सीआरपीची शिफारस केली: लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं, की टीबीची खरी तपासणी करा. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबीचं निदान करणाऱ्या चाचण्यांवर मात्र भारताने 2012 मध्येच बंदी घातली. योग्यच केलं.

निकाल द्यायचा तो बेडक्याने. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, मोकळ्या हवेत डबीत काढलेला. नुसती लाळ चालत नाही. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र त्यात जंतूचा डीएनए शोधतं, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का, तेही तपासता येतं.

लहान मुलांना मात्र बेडका काढता येत नाही. अनेकदा नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घ्यावं लागतं. त्यांच्यासाठी बोटाच्या थेंबातून तीन जनुकांची हालचाल मोजणारी चाचणी संशोधक पारखत आहेत. तीही चाळणीच असेल, पण पुढे कोणाला पाठवायचं हे नळी न घालता कळेल.