करमुक्त शाळेच्या खर्चातले कर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एखाद्या विनाअनुदानित शाळेच्या फीच्या पावतीवर जीएसटीची ओळ नसते. जुलै 2017 पासून बालवाडी ते बारावीचं शिक्षण या करातून वगळलेलं आहे. शिकवणी वर्गाला मात्र वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की 18 टक्के लावावे लागतात. शाळा सुटली, असं पालकांना वाटतं. ती सुटलेली नाही.

शाळा लाखभराचे बाक घेते, तेव्हा वर 18 हजार कर मोजते. शिकवणी वर्ग हीच रक्कम आपल्या करातून वळती करून घेतो. शाळा फीवर कर आकारतच नाही, त्यामुळे तिला वळती करायला काही उरत नाही. कापूस-सोयाबीन विकल्यावर ज्या घरांतून फी येते, तिथं ती वाढवायची तरी किती? मग ओढाताण शिक्षकांच्या पगारावर येते.

22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांवरचा कर शून्य झाला. सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर उतरलं. पण प्रश्नपत्रिकांना लागणारा कोरा कागद 12 वरून 18 वर चढला, आणि चाचण्यांपासून वार्षिक परीक्षेपर्यंत शाळेत रिमांमागून रिमं संपतात.

आयकरात मोकळीक मिळाली. नफ्यासाठी नसलेल्या शाळांना वेगळ्या मंजुरीविना मिळणारी सूट वार्षिक 1 कोटीच्या जमेपर्यंत होती. 2021-22 पासून ती मर्यादा 5 कोटी झाली.

खरी मेख आहे भाड्यात. सुटीत सभागृह लग्नाला देणं, रस्त्याकडेचे गाळे भाड्यानं लावणं, हा लहान संस्थांचा जुना आधार. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सूट हवी तर संस्था केवळ शिक्षणासाठीच असली पाहिजे. तेव्हापासून अशा मिळकतीकडे जास्त काटेकोरपणे पाहिलं जातं.

जीएसटीचा हिशेब आणखी जाचक आहे. समजा, वर्षाची फी 30 लाख आणि गाळ्यांचं भाडं 60 हजार. 20 लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा धरतात. म्हणजे 60 हजारांपायी नोंदणी, विवरणपत्रं, वर 10,800 रुपये कर आणि सीएची फी वेगळी. शेजारच्या गाळेमालकाला दुसरा धंदा नसेल, तर 19 लाख भाडं घेऊनही स्वतःची नोंदणी लागत नाही. लहान शाळांपुरती फी या मोजणीतून वगळली, तर सरकारी तिजोरीला फारसा खड्डा पडणार नाही. जीएसटी परिषदेनं एवढं तरी करावं.