स्टेल्व्हिओ घाट: सायकलने आणि पायी

उत्तर इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाचा माथा 2,757 मीटर उंचीवर आहे. लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना कार्लो दोनेगानी या अभियंत्याने 1820 ते 1825 या काळात हा रस्ता बांधला. प्राटो गावाकडून चढ सुमारे 24 किलोमीटरचा. या बाजूला 48 हेअरपिन वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. आकडे खालून वर कमी होत जातात, त्यामुळे दमलेल्या सायकलस्वाराला उरलेली वळणे नेमकी कळतात. झाडी संपली की दगडी भिंतींवर तोललेला उरलेला सगळा रस्ता एकदम समोर उभा राहतो. घाटाचे खरे वैभव इथेच आहे. 1953 साली जिरो द'इतालिया शर्यत प्रथमच इथून गेली आणि फाउस्तो कोप्पीने याच चढावर ह्यूगो कोब्लेटला मागे टाकले. उतरताना वारा झोंबतो, म्हणून जाकीट हवेच.

माथ्यावर थांबून परतणे मात्र अपुरे. तिथून थोडे पायी चढले की ड्रायश्प्राखेनश्पित्से हे 2,843 मीटरचे शिखर लागते. पहिल्या महायुद्धापर्यंत इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमा इथे मिळत. त्या काळच्या लष्करी ठाण्यांचे अवशेष आजही परिसरात आहेत. बर्फामुळे रस्ता हिवाळ्यात बंद असतो.